‘राजस सुकुमार’मधला राजस रजोगुणी आहे का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. ‘राजस सुकुमार मदनाचा पुतळा’ या तुकोबांच्या अभंगातल्या ‘राजस’चा अर्थ एका टीपेत ‘रजोगुणयुक्त’ असा दिलेला विचारणाऱ्यांच्या वाचनात आला. विठ्ठल तर त्रिगुणांच्या पलीकडचा, मग त्याला रजोगुणी कसं म्हणायचं, ही त्यांची अडचण. जोडीला आणखी तीन शंका आहेत : लावणीतला ‘राजसा’ तो हाच का, आजच्या कवितेत हा शब्द चालेल का, आणि मुलाचं नाव ‘राजस’ ठेवावं का.

उत्तर आधी देतो, कारणं मागाहून. इथे ‘राजस’ म्हणजे देखणा. पण नुसता देखणा नव्हे. नाजूक, लाडाकोडात वाढलेला, अंगावर ऊन-वारा न लागलेला, आणि ज्याच्याकडे बघताना बघणाऱ्याचा जीव गुंततो असा देखणा. ‘रजोगुणयुक्त’ हा अर्थ शब्दाच्या व्युत्पत्तीला धरून आहे, अभंगाला धरून नाही. जुनी कविता शिकवताना ही चूक मी वरचेवर पाहतो. विद्यार्थी हुशार असतो, संस्कृत चांगलं असतं, आणि नेमका तोच घसरतो.

व्युत्पत्ती मात्र खरी आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करू. संस्कृतात ‘रजस्’पासून ‘राजस’, जसं ‘तमस्’पासून ‘तामस’ आणि ‘मनस्’पासून ‘मानस’. आद्य स्वराची वृद्धी, म्हणजे ‘अ’चा ‘आ’, बाकी काही नाही. गीतेत हा शब्द पारिभाषिक आहे. चौदाव्या अध्यायात ‘रजो रागात्मकं विद्धि तृष्णासङ्गसमुद्भवम्’ असं रजाचं लक्षण सांगितलं आहे. म्हणजे आसक्ती हे त्याचं रूप आणि तहान व गुंतणूक हे त्याचं मूळ. सतराव्यात श्रद्धा, आहार, यज्ञ, तप, दान यांचे सात्त्विक-राजस-तामस असे भाग पाडले आहेत. राजस आहार कडू, आंबट, खारट, फार ऊन, तिखट, आणि शेवटी दुःख देणारा. अठराव्यातलं राजस सुख आरंभी अमृतासारखं लागतं आणि परिणामी विषासारखं होतं. ज्ञानदेवांनी १२९०मध्ये हे सगळं ओवीत आणलं, तेव्हा हा पारिभाषिक ‘राजस’ मराठीत पुरता रुळला. समर्थांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात पाचवा समास रजोगुणाला, सहावा तमोगुणाला आणि सातवा सत्त्वगुणाला दिला आहे. त्या पाचव्या समासातली ‘माझें घर माझा संसार । देव कैंचा आणिला थोर’ म्हणणारी व्यक्ती हा त्या अर्थाचा राजस माणूस. देवाला तिथे दारातच थोपवलेलं आहे.

आता हा अर्थ अभंगात बसवून बघा. तृष्णेने पछाडलेला, कर्मात गुंतलेला, परिणामी विषासारखा विठ्ठल! भक्तीच्या कवितेत हे विशेषण पहिल्याच पावलावर ठेचकाळेल. आणि लगेच पुढचा शब्द ‘सुकुमार’. रजोगुणी आणि कोवळा ही जोडी कोणत्या तत्त्वज्ञानात बसते?

मराठीत या तीन गुणांच्या शब्दांचं पुढे काय झालं, ते बघण्यासारखं आहे. पोथीतून ते घरात आले आणि प्रत्येकाने वेगळा संसार मांडला. ‘सात्त्विक’ चेहऱ्याला आणि जेवणाला लागला. ‘सात्त्विक संताप’ असाही एक प्रकार आपण काढला, जो शास्त्राच्या हिशेबात जरा अवघडच आहे. ‘तामसी’ झाला रागीट, डोक्यात राख घालून घेणारा; त्यात आळस आणि झोप हे तमाचे शास्त्रोक्त गुण जवळजवळ उरलेच नाहीत. आणि ‘राजस’ झाला देखणा. तिघांपैकी याचीच उतरंड उलटी झाली : शास्त्रात दोष, आणि बोलीत कौतुक.

हे कसं झालं असावं याचं माझं उत्तर असं. रजोगुणाच्या वर्णनात सदैव येणाऱ्या गोष्टी म्हणजे विलास, वस्त्रं, सुगंध, अलंकार, खाणंपिणं, भोग. ज्याच्याकडे हे सगळं आहे तो माणूस बाहेरून कसा दिसेल? नीटनेटका, उटणं लावलेला, कांतिमान, कष्टाने न रापलेला. शास्त्रकार त्याच्या आत पाहत होते, बाकीचे लोक बाहेरून पाहत होते. शिवाय मराठी कानाला ‘राजस’मध्ये ‘रजस्’ ऐकूच येत नाही. ऐकू येतो तो ‘राजा’. राजबिंडा, राजवर्खी, राजहंस या शब्दांच्या पंगतीत तो आपोआप जाऊन बसतो. व्याकरणाच्या दृष्टीने ही सोयरीक खोटी असेल, पण शब्दाचा अर्थ ठरवताना कानाला मत असतं, आणि पुष्कळदा तेच निर्णायक ठरतं.

आता अभंग पूर्ण वाचू. हा शब्द त्याच्या आजूबाजूच्या शब्दांतूनच उलगडतो.

‘राजस सुकुमार मदनाचा पुतळा । रविशशिकळा लोपलिया ॥ कस्तुरीमळवट चंदनाची उटी । रुळे माळ कंठीं वैजयंती ॥ मुगुट कुंडलें श्रीमुख शोभलें । सुखाचें ओतलें सकळ ही ॥ कासे सोनसळा पांघरे पाटोळा । घननीळ सांवळा बाइयांनो ॥ सकळ ही तुम्ही व्हा गे एकीसवा । तुका म्हणे जीवा धीर नाहीं ॥’

कठीण शब्द आधी झटपट उरकतो. ‘मळवट’ म्हणजे कपाळभर भरलेला पट्टा, इथे कस्तुरीचा. ‘सोनसळा’ हे सोनेरी रेशमी वस्त्र, ते कमरेला. ‘पाटोळा’ही रेशमीच, तो अंगावर पांघरलेला. ‘कळा’ म्हणजे तेज. सूर्यचंद्रांचं तेज त्याच्यापुढे लोपलं. ‘एकीसवा व्हा’ म्हणजे एका बाजूला व्हा. या शेवटच्या शब्दाकडे परत येणार आहे, कारण अख्ख्या अभंगाची किल्ली तिथे आहे.

पहिल्या चरणातला ‘पुतळा’ आणि तिसऱ्यातलं ‘ओतलें’ हे एकमेकांकडे बघताहेत. पुतळा ओततात. धातू वितळवून साच्यात घालतात. इथे धातू कोणता, तर सुख : ‘सुखाचें ओतलें सकळ ही’. म्हणजे रूपक पहिल्या ओळीत सुरू होतं, मध्ये कस्तुरी-चंदनाचा साज चढतो आणि मग पुतळ्याची घडण उघड होते. गंमत आणखी एक. मदन हा ‘अनंग’, शंकराने जाळल्यापासून बिनदेहाचा. त्याचा पुतळा करायचा तर देह आणायचा कुठून? तुकोबांनी तो सावळ्याचा आणला.

भागवताच्या दशम स्कंधात रासाच्या प्रसंगी कृष्ण गोपींमधून नाहीसा होतो, त्या रडतात, आणि बत्तिसाव्या अध्यायाच्या आरंभी तो पुन्हा प्रकटतो. तिथलं वर्णन ‘पीताम्बरधरः स्रग्वी साक्षान्मन्मथमन्मथः’ असं आहे : पिवळं वस्त्र, गळ्यात माळ, आणि मन्मथाचंही मन मथणारा. सोनसळा, वैजयंती, मदनाचा पुतळा. ही तीन माणकं जशीच्या तशी अभंगात आहेत. तुकोबा देहूचे, सतराव्या शतकातले, मागे भागवताची आणि नाथांची मोठी परंपरा. त्यामुळे या ओळी लिहिताना तो प्रसंग त्यांच्या डोळ्यांपुढे असेल असं मला वाटतं. सिद्ध करता येणार नाही, पण वाचताना उपयोग होतो. कारण त्या प्रसंगात पाहणाऱ्या बायका आहेत, आणि अभंगातही आहेत.

‘बाइयांनो.’ ‘व्हा गे.’ हे शब्द वारकऱ्याने वारकऱ्याला म्हटलेले नाहीत. ही एक स्त्री आपल्या सख्यांशी बोलते आहे. गौळणी आणि विरहिणी लिहिणाऱ्या संतांनी असा स्त्रीचा आवाज घेतलेला आपल्याला माहीत असतो. इथे मात्र तो चौथ्या चरणापर्यंत दडलेला आहे. म्हणून हा अभंग ऐकताना बहुतेकांना तो निव्वळ मूर्तीचं वर्णन वाटतो. कीर्तनाच्या आणि भजनाच्या आरंभी रूपाचा अभंग म्हणून तो म्हटला जातो, त्यामुळे हा समज आणखी पक्का होतो. पण शेवटची ओळ नीट ऐका : तुम्ही सगळ्याजणी बाजूला सरा गं, मला दिसू द्या, माझ्या जिवाला धीर नाही. गर्दीत टाचा उंचावून बघणारी, समोरच्या बायांना हाताने सारणारी बाई या ओळीत उभी आहे.

आता पहिल्या शब्दाकडे वळा. ‘राजस’ हा शब्द या बाईच्या तोंडचा आहे. देवाचं गुणवर्णन करणाऱ्या पंडिताच्या तोंडचा नाही. प्रियकराकडे बघणारी जो शब्द वापरेल तो तिने वापरला आहे, आणि पुढे ‘सुकुमार’, ‘मदन’ हे त्याच जातीचे शब्द आणले आहेत. ‘रजोगुणी’ अर्थ करणाऱ्याचं खरं चुकतं ते इथे. तो शब्दाचा धातू शोधतो, पण बोलतंय कोण ते विचारत नाही.

उलट बाजूनेही थोडं बोललं पाहिजे. कस्तुरी, चंदन, मुकुट, कुंडलं, रेशीम हा सगळा थाट रजोगुणाच्या वर्णनातलाच आहे, हे कोणी दाखवून दिलं तर मी मान्य करीन. जुन्या अर्थाचा पाया अभंगात दिसतो. पण तृष्णा, जी रजाची खूण, ती सजलेल्या सावळ्यात नाही. ती पाहणारीत आहे : ‘जीवा धीर नाहीं’. तेव्हा रजोगुण शोधायचाच असेल तर तो तिच्या बाजूला शोधावा. तोही शेवटी भक्तीतच मुरतो, पण हा विषय वेगळा.

शेजारी ‘सुंदर तें ध्यान उभें विटेवरी’ ठेवून बघितलं की दोन विशेषणांतला फरक लख्ख दिसतो. तेही रूपाचंच वर्णन आहे, तेही तुकोबांचंच, तिथेही कुंडलं आहेत, पीतांबर आहे. पण तिथे वीट आहे, कटीवर हात आहेत, तुळशीचा हार आहे, आणि बोलणारा ‘पाहीन श्रीमुख आवडीनें’ असं शांतपणे म्हणतो. त्याला घाई नाही. हे रूप कुठे जाणार नाही याची त्याला खात्री आहे. ‘सुंदर’ हा त्या अंतरावरून उच्चारलेला शब्द आहे. ‘राजस’मध्ये वीट नाही, कटीवरचे हात नाहीत, तुळस नाही; त्याजागी उटी आहे, माळ ‘रुळते’ आहे, वस्त्र पांघरलेलं आहे. स्पर्शाच्या अंतरावरचं हे वर्णन आहे. दोन्ही अभंगांतली पहिली विशेषणं आपापसांत बदलून म्हणून पाहा. ‘राजस तें ध्यान उभें विटेवरी’ हे वृत्तात बसतं, पण कानाला लगेच खटकतं.

लावणीतल्या ‘राजसा’चं उत्तर यातच आलं. हो, तो हाच. अभंगात विशेषण होतं, लावणीत त्याचं संबोधन झालं : राजसा! विशेषणाला नाम करून हाक मारायची ही मराठीची जुनी खोड. साजणा, सावळ्या, लाडक्या हे असेच. शाहिरांनी हा शब्द अभंगातून उचलला की दोघांनी तो बायकांच्या बोलण्यातून उचलला, असा वाद घालता येईल. माझा कल दुसऱ्या बाजूला. जात्यावरच्या ओव्यांत आई लेकराला राजस म्हणते, तिथे ना लावणी आहे ना वेदान्त. प्रियकर, लेकरू आणि देव या तिघांना एकच विशेषण लावणारी ती बोली बायकांची आहे. लावणीतल्या हाकेत एक बारकावा मला फार आवडतो. हाक जवळिकीची असते, पण क्रियापद बहुधा आदरार्थी येतं : राजसा म्हणायचं आणि ‘या, बसा’ असं बोलवायचं. सलगी आणि अदब एकाच वाक्यात. ‘प्रिया’ म्हणून हाक मारली तर ही अदब टिकत नाही.

व्याकरणाचं थोडं सांगतो, कारण लिहिणाऱ्याला ते लागतं. ‘राजस’ अकारान्त, म्हणून लिंगाने बदलत नाही : राजस मुलगा, राजस मुलगी, राजस रूप. ‘राजसी मुलगी’ हे मराठी नव्हे. ‘राजसी’ हा हिंदीतला वेगळा शब्द, अर्थ राजेशाही. जाहिरातींतून तो मराठीत शिरलाय आणि ‘राजसी थाट’ असं सर्रास लिहिलं जातं. मराठीत त्याला ‘शाही’ आहे, ‘राजेशाही’ आहे, ते वापरावेत. बदलणारं रूप हवंच असेल तर ‘राजसवाणा, राजसवाणी, राजसवाणं’ आहे. हा ‘-वाणा’ प्रत्यय मजेदार आहे. तो बहुतेकदा दुःखाच्या किंवा संकोचाच्या घरी जातो : केविलवाणा, दीनवाणा, उदासवाणा, ओशाळवाणा, लाजिरवाणा. सुखाच्या घरी त्याचं जाणं-येणं कमी. गोजिरवाणा आणि राजसवाणा हे त्यातले दोन. म्हणून असेल, ‘राजसवाणं’ म्हटलं की देखणेपणात किंचित हळवेपणा मिसळतो.

आणखी एक गफलत वाटेत येते म्हणून सांगून ठेवतो. तुकडोजी महाराजांच्या ‘या झोपडीत माझ्या’ या कवितेची सुरुवात ‘राजास जी महाली’ अशी आहे. तिथे ‘राजास’ आहे, म्हणजे ‘राजाला’, ‘राजस’ नाही. घाईत टंकलेल्या प्रतींत काना गळतो आणि मग लोक ‘राजस महाल’ असा अर्थ लावत बसतात.

जवळच्या शब्दांशी त्याची सीमा कुठे आहे हेही बघावं लागेल. ‘राजबिंडा’ घ्या. त्यात उंची आहे, भरदार बांधा आहे, चार माणसांत उठून दिसणं आहे. राजबिंडा पुरुषच असतो. तान्ह्या मुलाला किंवा मुलीला आपण राजबिंडं म्हणणार नाही, राजस म्हणू. ‘गोमटा’ हा गोरेपणाकडे झुकतो, निदान ‘गोरागोमटा’ या जोडीमुळे तसं झालं आहे. तुकोबांचा राजस मात्र ‘घननीळ सांवळा’ आहे, हे विसरू नये. ‘साजिरा’ म्हणजे शोभणारा. तो गावाला, अंगणाला, साडीलाही लागतो. ‘राजस’ निर्जीवाला फारसा लागत नाही. लागला तर त्या वस्तूत कोणाचं तरी रूप दिसायला हवं. ‘राजस मुद्रा’, ‘राजस बोलणं’ ठीक. ‘राजस इमारत’ म्हटलं की शब्द हिंदीच्या अंगणात गेला.

आजच्या कवितेत चालेल का? चालेल, पण सांभाळून. जुनं विशेषण नव्या ओळीत ठेवलं की ते सगळ्यांच्या आधी डोळ्यांत भरतं. आजूबाजूचे शब्द त्याला साथ देणारे हवेत. ‘राजस सुकुमार’ ही जोडी तुकोबांची झालेली आहे, ती उचलू नये. उचलली तर वाचक तुमची कविता सोडून तो अभंग गुणगुणू लागेल. पराक्रमाच्या, दराऱ्याच्या वर्णनात हा शब्द दुबळा पडतो. रणांगणावरच्या वीराला ‘राजस’ म्हटलं तर एक तर त्याची आई बोलते आहे किंवा प्रेयसी, आणि ती तशी बोलते आहे हे कवितेत आलं पाहिजे. आलं तर शब्द फार मोठं काम करतो : तलवार उपसलेल्या माणसाला क्षणभर तान्हं करून टाकतो. नाही आलं तर ते नुसतं अलंकारिक भरताड. उपरोधालाही हा शब्द छान. ‘आली का राजस स्वारी?’ हे उशिरा उठणाऱ्याला ऐकवायला याहून नेमकं विशेषण नाही. गद्यात मात्र मी तो टाळतो, निदान बातमीत आणि परिचयपर लेखात तरी. तिथे ‘राजस व्यक्तिमत्त्व’ असं लिहिलेलं दिसलं की लिहिणाऱ्याला ‘भारदस्त’ म्हणायचं होतं हे उघड असतं. भारदस्त माणूस राजस नसतो, आणि त्याला तसं म्हटलेलं आवडणारही नाही.

आता तुमच्या हातातल्या त्या टीपेचं. ती पुरती टाकाऊ नाही. तीच टीप ज्ञानेश्वरीच्या सतराव्या अध्यायाला लावा, अचूक बसेल. जुन्या ग्रंथाच्या शेवटी शब्दकोश जोडताना एका शब्दाला एकच अर्थ द्यायची सवय असते, त्यातून असं होतं. दोन ‘राजस’ वेगळे नोंदवायला हवेत : पहिला पारिभाषिक, सात्त्विक-तामसांच्या संगतीत येणारा, दुसरा काव्यातला, सुकुमार-सावळा-मदन यांच्या संगतीत येणारा. ओळखायची खूण हीच. शेजारी ‘तामस’ असेल तर गुण मोजा. शेजारी चंदन असेल तर रूप बघा. क्वचित एखादा कवी मुद्दाम दोन्ही अर्थ खेळवतो, पण तेव्हा तो खेळ लपत नाही.

नावाचं विचारलंत म्हणून : अवश्य ठेवा. नावांच्या याद्यांत त्याचा अर्थ कुठे ‘राजेशाही’ तर कुठे ‘गर्विष्ठ’ असा दिलेला सापडेल, त्याकडे लक्ष देऊ नका. शाळेत कोणी विचारलंच तर मुलाला तुकोबांच्या अभंगाची पहिली ओळ पाठ असू द्या. आणि हजेरीपटावर काना नीट पडलाय की नाही ते एकदा तपासा, नाही तर वर्षभर त्याला ‘रजस’ म्हणून हाका मारतील, आणि मग ती टीप खरी ठरल्यासारखी होईल.